कोचीत मीटिंग, बोट आणि प्रार्थना

ऑफिसच्या कामासाठी तीन दिवस कोचीला होतो, शुक्रवार-शनिवार नुसत्या मीटिंगा, त्याबद्दल काय सांगणार, पण काम नीट झालं, प्रभूचे आभार. रविवार मात्र मी मुद्दाम मोकळा ठेवला होता आणि सकाळीच एर्नाकुलमहून बोटीने फोर्ट कोचीला गेलो.

तिथलं सेंट फ्रान्सिस चर्च बघायची कधीपासून इच्छा होती. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला आणि त्याला इथेच पुरलं होतं, नंतर काही वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेले पण कबरीचा दगड अजून आहे. चर्च आधी पोर्तुगीजांचं कॅथलिक, मग डच आले आणि प्रोटेस्टंट झालं, मग इंग्रज, आता सीएसआयकडे (चर्च ऑफ साउथ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चकडे) आहे. एवढे मालक बदलले पण देवाची उपासना चालूच राहिली, मला हे फार मोठं वाटतं. वर दोरीने ओढायचे जुने कापडी पंखेही अजून आहेत!

संध्याकाळी ऑफिसमधल्या एका भावाच्या घरी प्रार्थनेला गेलो. दहा-बाराजण, सगळं मल्याळममध्ये, मला फक्त आमेन आणि हालेलुया कळत होतं, तरी डोळे भरून आले. मग त्यांनी मला मराठीत प्रार्थना करायला सांगितली, मी बायकोच्या ऑपरेशनसाठी केली, शब्द कुणाला कळले नसतील पण सगळे मनापासून आमेन म्हणाले. निघताना घरातल्या आजींनी डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.