तुम्ही विचारलंत म्हणून : दिवाळीला मला काय हवंय

नवरात्र संपलं की घरचे, मैत्रिणी, ऑफिसातले सगळे एकच विचारतात, तुला दिवाळीला द्यायचं तरी काय, साडी नको म्हणतेस, ड्रायफ्रूटचे डबे नकोत, पुस्तक आणावं तर ते तुझ्याकडे असतंच. बरं, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला गणपत कृष्णाजींनी मुंबईत छापलेलं शके १७५३ चं पंचांग हवंय, म्हणजे १८३१ चं. हसा खुशाल.

त्याआधी पंचांग हाताने नकलून घ्यायचे आणि जोशीबुवा दारोदार तिथी-वार सांगत फिरायचे. हे गणपत कृष्णाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला होते, तिथे ख्रिस्ती पुस्तकं छापताना बघून त्यांना वाटलं की आपलेही ग्रंथ असेच निघायला हवेत, मग काय, लाकडाचा प्रेस स्वतःच खटपट करून बनवला, ज्यावरून छापायचं तो दगड कुर्ल्याकडून आणला, शाईसुद्धा घरीच केली. सोवळ्यातली माणसं चरबीच्या शाईला हात लावेनात म्हणून शाईत तूप वापरलं असं सांगतात. मला हे फार आवडतं, भांडत न बसता सरळ तूप घातलं!

आता पंचांगच का, एखादी चांगली पोथी का नाही? तर पोथी लोक रुमालात बांधून देवघरात ठेवतात, पिढ्यान्पिढ्या जपतात. पंचांग कोण जपणार हो, पाडवा आला की जुनं झालं, गेलं बंबात. म्हणूनच ते मिळणं इतकं अवघड आणि म्हणूनच मला तेच हवंय.

शिळाप्रेसची, म्हणजे अशी दगडावरून छापलेली, एक जुनी पोथी मी एका ओळखीच्यांकडे हातात घेऊन बघितलीये. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापलेल्या जुन्या पुस्तकात पान उलटं करून बोट फिरवलं तर कधीकधी अक्षरांचे उठाव लागतात, इथे पान एकदम सपाट. आणि एकाच ओळीतले दोन 'क' घ्या, सारखे नाहीत, एकाचा काना जरा तिरका, दुसऱ्याचं पोट मोठं, कारण ते कुणीतरी बसून बोरूने लिहिलंय आणि दगडाने ते जसंच्या तसं कागदावर उतरवलंय. कागद म्हणाल तर चिंध्यांच्या लगद्याचा, पिवळा पडला होता पण चिवट. माझ्याकडची १९५० च्या आसपासची पुस्तकं बघा, लाकडाच्या लगद्याचा कागद, पान उलटलं की पापडासारखा कोपरा हातात येतो.

ऑनलाइन स्कॅन बघ ना, असं भाचा म्हणतो. बघते की, जुन्या पुस्तकांचे स्कॅन रात्र रात्र बघत बसते, पण स्कॅनमध्ये पान सपाट आहे की उठाव आहे हे बोटाला कसं कळणार?

तर फ्लोरा फाउंटनचा फूटपाथ, अप्पा बळवंत चौकातली जुनी दुकानं, कुणाच्या वाड्याचं रिडेव्हलपमेंट निघालं तर माळ्यावरची ट्रंक, इकडे जरा लक्ष ठेवा. ग्रंथालयाचा शिक्का असलेलं मात्र आणू नका, ते ज्याचं त्याला परत द्या. आणि मिळालंच तर प्रेमाने लॅमिनेशन करून आणू नका प्लीज, सेलोटेपही नको, आहे तसं सुती कापडात गुंडाळून द्या. तोपर्यंत चकलीची भाजणी चालेल, घरची असेल तर.