बाटलीवरच्या रेघा

रात्रपाळीला आल्या आल्या लॅबच्या खिडकीशी एक बाई दिसल्या. पदराखाली चार बाटल्या अगदी जपून धरलेल्या.

"ताई, पोराचं हिमोग्लोबिन सातवर आलंय. काल रक्त चढवलं, आणि आज एवढं काढून घेतलं. कशाला?"

मुलगा एकोणीस वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर, केमोचा अकरावा दिवस. पांढऱ्या पेशींचा काउंट पार खाली. संध्याकाळी १०१ ताप.

मी म्हटलं, "मावशी, चार बाटल्यांत मिळून ४० मिली, म्हणजे आठ लहान चमचे. रक्तात जंतू असले तरी एका मिलीत कधी एखादाच असतो, कधी तोही नसतो. थोडंसंच रक्त घेतलं तर तो हाती लागत नाही."

न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेल्या की शरीर खुणाच दाखवेनासं होतं. पू त्याच पेशींमुळे होतो, त्यामुळे तो धरत नाही. छातीचा एक्स-रेही कधी स्वच्छ येतो. उरतो तो फक्त ताप. म्हणून घरी क्रोसिन देऊन तो दाबून ठेवलेला पेशंट आला की माझ्या पोटात गोळा येतो. तापानंतर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. कल्चरचं, म्हणजे जंतू वाढवून बघायचं, रक्त त्याआधी घ्यायचं, पण त्यासाठी डोस अडवायचा नाही.

बाटलीच्या लेबलवर रेघा असतात. मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. मागच्या महिन्यात एका पेशंटची एकच बाटली आली, जेमतेम ३ मिलीची. पाच दिवस मशीनमध्ये ठेवली, काही वाढलं नाही. ताप मात्र होताच. 'निगेटिव्ह' टाइप करताना हात अडखळला. त्या रिपोर्टवर डॉक्टरांनी कितपत विसंबायचं? बरं, एकाच बाटलीत कातडीवरचा स्टॅफिलोकोकस जंतू वाढला, तर तो खरा की सुईबरोबर आलेला, हेही कळत नाही.

मावशींच्या बाटल्या मात्र रेघेपर्यंत भरलेल्या होत्या. दोन पिक लाइनमधून (दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत घातलेली बारीक नळी), दोन हाताच्या शिरेतून, आणि तसं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. कोण सिस्टर होती ते ठाऊक नाही, पण तिचे मनापासून आभार. ८.४० ला चारही एकदम मशीनमध्ये ठेवल्या. जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि बाटलीच्या बुडाशी असलेल्या सेन्सरमुळे मशीनला ते कळतं.

पहाटे ५.१० ला पिकची बाटली वाजली. ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतूंना रंग देऊन पाहिलं. भिंगाखाली गुलाबी काड्या, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह जंतू. लगेच वॉर्डात फोन केला. हाताची बाटली ७.५५ ला वाजली, म्हणजे पावणेतीन तासांनी. सारखंच रक्त एकाच वेळी घेतलेलं असताना लाइनची बाटली दोन तास किंवा त्याहून आधी वाजली, तर जंतूंचं घर बहुधा लाइनमध्येच असतं. पाळी संपली होती, तरी तेवढा दुसरा फोन करूनच निघाले.

लाइन त्याच दिवशी काढली. दुसऱ्या दिवशी ते जंतू क्लेबसिएला असल्याचं कळलं, आणि कोणती औषधं लागू पडतील ते त्याच्या पुढच्या दिवशी.

रक्तातून जंतू गेले का, हे बघायला परत कल्चर पाठवलं, तेव्हा मावशीच आल्या. बाटल्या खिडकीतून आत देण्याआधी त्यांनी एकेक दिव्याकडे धरून पाहिली.

"रेघेपर्यंत आहे ना, ताई?"