रालामंडल : सागाच्या पानांखाली मुरूम असतो

पन्नास वर्षं इंदुरात काढली, पण शहराला लागून असलेली रालामंडल अभयारण्याची टेकडी आजवर फक्त बायपासवरून, गाडीच्या काचेतून पाहिली होती. हे आधीच कबूल करून टाकतो. पाहुणे आले की राजवाडा, सराफा, फार तर मांडू. टेकडीवर कोण जातं?

यंदा पुण्याहून भाची आली. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असते. तिला काय दाखवायचं याचा विचार चालला होता तर आमचा मेहुणा म्हणाला, "भाऊजी, रालामंडल न्या तिला. घनं जंगल आहे, जुनं, होळकरांच्या वेळचं. सगळी वाट सावलीतून. एका तासात वर-खाली होता, घामसुद्धा येत नाही." तो वर शेवटचा गेला तो दसऱ्याच्या सुमारास, हे मला नंतर कळलं. आम्ही गेलो एप्रिलच्या पहिल्या रविवारी. खाली जे लिहितोय त्यातला निम्मा राग या फरकाचा आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

रोज सकाळी पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाला ही टेकडी जड नाही, मला ते काही सांगू नका. इंदूर साधारण ५५० मीटरवर, टेकडीचा माथा ७८२ मीटरवर. म्हणजे सव्वादोनशे मीटरसुद्धा पूर्ण चढ नाही, कारण पायथा शहरापेक्षा थोडा उंचच आहे. गेटपासून वरच्या शिकारगाहपर्यंत, म्हणजे होळकरांच्या शिकारीच्या बंगल्यापर्यंत, दोन-अडीच किलोमीटर चाल. ज्याला जिने चढताना धाप लागते त्याने हे पुढे वाचू नये, त्याने गेटवरच्या गाडीची चौकशी करावी. बूट मात्र नीट तळव्याचे हवेत. मी वॉकिंगचे जुने, गुळगुळीत झालेले घालून गेलो होतो. ते आता कचरागाडीत गेले, कोरड्या कचऱ्यात.

पहिली चूक पोह्यांची. रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाल्ल्याशिवाय घराबाहेर पडणं हा इंदुरात अपशकुन समजतात, त्यामुळे गेटवर पोचायला पावणेनऊ झाले. एप्रिलमध्ये पावणेनऊ म्हणजे दुपार. उघडण्याच्या वेळेला गेटवर हजर राहा, पोहे परत येताना खा. गेटवरच्या माणसाने विचारलं, "पानी रखा है?" मी बाटली हलवून दाखवली. एक लिटर, दोघांत. तो काही बोलला नाही, पण बघण्यावरून कळायला हवं होतं.

आता सावली. रालामंडलमध्ये साग भरपूर आहे, आणि साग हिवाळा संपता संपता पानं टाकतो. एप्रिलमध्ये झाडं उभी असतात, सावली नसते. उन्हात शंभर छत्र्या नुसत्या काड्यांच्या उघडून ठेवल्यात असं वाटतं. पळसाचा बहरही उतरलेला होता. पायाखाली पानं पापडासारखी कडकड मोडतात, दोन माणसं चालली तरी वरात चालल्यासारखा आवाज. त्यामुळे प्राणी दिसतील ही आशा सोडा. आम्हाला एक मोर आणि लांबवर नीलगायीचा मागचा भाग दिसला.

भाचीने पहिल्या वीस मिनिटांतच निकाल दिला. "मामा, हे जुनं जंगल नाही."

मी म्हटलं, होळकरांचं आहे, १९०५ सालची शिकारगाह आहे वर, जुनं कसं नाही?

तिने एक झाड दाखवलं. जमिनीलगत एकच जाडजूड बुंधा, आणि त्यातून तीन खोडं वर गेलेली. म्हणाली, हे मूळ झाड कधीतरी तोडलंय, खुंटातून फुटलेली ही पोरं आहेत. खरं जुनं जंगल म्हणजे एकाच जागी आजोबा, बाप आणि नातू तिन्ही वयाची झाडं, मध्ये एखादं मरून आडवं पडलेलं, त्याच्यावर अळंबी. इथे बरीचशी झाडं एका वयाची, एका जाडीची. राजाची शिकारीची जागा असल्यामुळे ही टेकडी वाचली, नाहीतर इथे आज प्लॉटिंग झालं असतं. १९८९ मध्ये अभयारण्य झालं आणि त्यानंतर पुन्हा भरलं. मध्य प्रदेशातल्या सर्वांत लहान अभयारण्यांपैकी एक, जेमतेम २.३४५ चौरस किलोमीटर. मला हे ऐकून थोडं वाईट वाटलं आणि थोडं बरं वाटलं. बायपासच्या बाजूने बघा, कॉलन्या कुठपर्यंत आल्यात ते.

चंदनाच्या एका लहान झाडापाशी ती दहा मिनिटं थांबली. चंदन म्हणे शेजाऱ्याच्या मुळांना आपली मुळं चिकटवून त्यातून खाणंपिणं काढतं, म्हणून एकटं लावलं की झुरतं. मला तेव्हा मेहुण्याची आठवण आली.

वर जाण्याची मुख्य वाट रुंद आणि सरळ आहे, चुकण्यासारखं काही नाही. शेवटचा चढ जरा उभा. पन्नास मिनिटांत पोचलो. शिकारगाहची इमारत, तिच्यापाशी वारा, आणि खाली पसरलेलं अख्खं इंदूर. धुरकट होतं तरी भारी वाटलं. पाणी इथेच संपलं. वर पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नका. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर, त्याच्याखाली नाही. बाटल्या परत खाली आणा. आणि सिगारेटवाल्यांनी कृपा करून येऊच नका, त्या पानांना एक ठिणगी पुरे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

मेहुण्याने निघताना सांगितलं होतं, "उतरताना मुख्य रस्त्याने नका येऊ, डावीकडून पायवाट आहे, गुराख्यांची, निम्म्या वेळात खाली." भाची म्हणाली, मामा, नको. मी म्हटलं, अगं इथलाच आहे मी. पन्नास वर्षं बायपासवरून पाहिलेल्या टेकडीबद्दल हे वाक्य.

ही जेमतेम तीनशे मीटर लांबीची उतरण. सुरुवात साधी, मग एकदम नाकाच्या शेंड्यासारखी खाली. आपली ही सगळी माळव्याची टेकडी म्हणजे काळा बेसाल्ट, आणि त्याचा झिजून झालेला लाल मुरूम, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्या मुरमावर सागाच्या पानांचा थर. पान ताटाएवढं, वाळून कडक, गुळगुळीत. म्हणजे खाली गोट्या आणि वर पत्रावळ. पाय पानावर ठेवला की पान सरकतं, पान सरकलं की मुरूम लोळतो, आणि मग आपण. काठी टेकवली तर तीही पानातून आरपार जाऊन मुरमावर घसरते. झाड धरावं तर बाभळीचं निघतं. मी तीनदा बसलो. दोनदा सन्मानाने, तिसऱ्यांदा कोपर सोलून सात-आठ फूट खाली. भाची उतारावर आडवी वळून, पाय तिरके रोवत, आधी बुटाने पानं बाजूला सारून मग वजन टाकत उतरली. तिला एक ओरखडा नाही. मीही शेवटी तसंच केलं. वर चढायला लागली पन्नास मिनिटं, आणि या तीनशे मीटरला लागली चाळीस.

आणि घसरण्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की अभयारण्यात ठरलेली वाट सोडायचीच नसते. इथे बिबट्याचा वावर आहे. एका नाल्याच्या काठावर, झुडपात, कुणाला सांगता न येणाऱ्या जागी आपण कोपर धरून बसलोय आणि हे आठवलं, तेव्हा जो घाम आला तो उन्हाचा नव्हता. तुम्हालाही कुणी 'निम्म्या वेळात' म्हणेल. म्हणू दे. आलात त्याच वाटेने उतरा.

खाली आल्यावर लूट. अभयारण्याचं तिकीट किरकोळ आहे, खिसा कापला जातो तो बाहेर. वीस रुपये छापलेली पाण्याची बाटली तीस रुपयांना घेतली, दोन घेतल्या, वाद घालायला घसा ओला नव्हता. शहरातल्या भंवरकुआँ चौकातून येताना रिक्षाला एकशे ऐंशी दिले होते. परतीला ॲपवर गाडी दिसेना. जी एक रिक्षा उभी होती त्याने पाचशे सांगितले.

"पाँच सौ? आते टाइम एक सौ अस्सी दिए भिया."

"तो आते टाइम वाले को बुला लो भिया."

यावर उत्तर नाही. चारशेवर तुटलं. खंडवा रोडची धूळ वर फुकट. स्वतःची दुचाकी असेल तर तीच न्या, नसेल तर येणाऱ्या रिक्षावाल्याशी परतीचं तिथेच ठरवा, आणि पैसे परत आल्यावर द्या.

आदल्या दिवशी आम्ही पातालपाणी ते कालाकुंड मीटरगेजच्या गाडीने गेलो होतो. छान झालं सगळं, कालाकुंडला कलाकंद खाल्ला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मग जावं का? एप्रिल-मेमध्ये नाही. मुळीच नाही. जुलैनंतर साग पानांनी भरतो, वर पांढरा फुलोरा येतो, तेव्हा मेहुण्याची सावली खरी असेल. दिवाळीनंतर गवताची कुसळं मोज्यांत शिरतील, तेवढं सोसा. भाचीच्या व्याख्येतलं जुनं जंगल बघायचं असेल तर रालामंडल नाही, चोरलच्या पुढे विंध्याच्या उतारावर किंवा थेट खिवनी अभयारण्याला जा, आणि एक दिवस हातात ठेवा. पण रोज सकाळी नेहरू स्टेडियमला गोल गोल फिरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा इथे यावं, असं मला कोपर सुजलेलं असतानाही वाटलं. मी ऑगस्टमध्ये जाणार आहे. मेहुण्याला नेणार आहे, आणि उतरताना त्याला डावीकडे पाठवणार आहे.

गेटजवळ एका तोडलेल्या सागाला कोवळी पालवी फुटली होती. भाचीने एक पान खुडून माझ्या तळहातावर चोळलं, तळवा लालभडक झाला. कोवळ्या सागाची हीच ओळख, म्हणाली. घरी आल्यावर बायकोने दार उघडलं, आधी तळवा पाहिला आणि किंचाळली, हळद आणायला आत पळाली. कोपराकडे तिचं लक्ष रात्री गेलं.