तिसरी नळी

"सुतार, तुम्ही नीट केलेल्या यंत्रानं आमचं रान दात पडलेल्या फणीसारखं करून ठेवलंय. येऊन बघा एकदा."

मृग लागून दोन दिवस झाले होते. दुकानात एक रोटाव्हेटर उघडा पडलेला, दुसरा दारात उभा. मी सुतार नाही, सुतार माझे वडील. मी बेळगावजवळ मच्छेच्या रस्त्याला वेल्डिंग आणि शेतीची अवजारं दुरुस्त करायचं दुकान चालवतो. पण आमच्या भागात बापाचा धंदा नावाला चिकटतो तो सुटत नाही. पेरणीच्या कुऱ्या, मशागतीचे कुळव, बैलगाडीची चाकं, सगळं वडिलांच्या हातचं. बैलहोंगल, सौंदत्तीकडची कन्नड गिऱ्हाइकंही यायची. ती कुरीला कूरिगी म्हणत, कुळवाला कुंटी. वडिलांना कन्नड यायचं नाही आणि गिऱ्हाइकाला मराठी, पण फण बसवायच्या आडव्या दिंडाला भोकं कुठं पाडायची ह्यावर कधी भांडण झालं नाही.

फोन करणारा शेतकरी येळ्ळूरच्या शिवारातला, राजहंसगडाच्या पायथ्याला त्याची सव्वादोन एकर भाताची जमीन. आमच्याकडं भात धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या रानातच, पेरतात. मे महिन्यात वळीव पडून गेला की रान तयार करायचं, रोहिणीत पेरून मोकळं व्हायचं. एकदा मृगाचा पाऊस धरला आणि बळ्ळारी नाला फुगला की ह्या चिकट काळ्या रानात ना बैल जातो ना ट्रॅक्टर. त्यामुळं मेच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडं जेवायलाही सवड नसते. त्याचं नऊ फणी पेरणीयंत्र त्याच गर्दीत आलं होतं. चेन बदलली, स्प्रॉकेट बदललं, ग्रीस भरलं, जमिनीवर चालणारं चाक हातानं फिरवून बघितलं. पेटीखालचे, बी नळीत ढकलणारे नऊच्या नऊ रोळ फिरत होते. फिरतंय म्हणजे झालं, असं म्हणून बिल केलं.

रानात पोचलो तेव्हा आभाळ भरून आलेलं. भात बोटभर उगवलं होतं, मधे मधे सरळ पट्टे मात्र रिकामे. शेतकरी बियाण्यावर आलाच होता, "बी बोगस दिलं." पण बोगस बी असं सरळ रेषेत बोगस निघत नाही. त्याचा भाऊ म्हणाला जमिनीत खोट आहे. मी काही न बोलता बांधापासून ओळी मोजायला लागलो.

तिसरी ओळ गायब. मग बारा ओळी चांगल्या, एक गायब. मग चारच चांगल्या, एक गायब. परत बारा, परत चार. शेवटपर्यंत तेच. चार-पाच वेळा मोजल्यावर डोक्यात उजेड पडला, आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला. ट्रॅक्टर जाताना डावीकडची तिसरी नळी बंद. बांधाला वळून परत येताना डावी बाजू पलीकडं जाते, म्हणून तीच नळी त्या खेपेला अलीकडून सातवी होते. तीन आणि सात, तीन आणि सात. बियाण्याचा दोष नाही, जमिनीचा नाही. माझ्या दुकानातून गेलेल्या यंत्राचा.

यंत्र गोठ्याशेजारी उभं होतं. फणामागच्या तिसऱ्या लोखंडी नळीत तार घातली, तार चार बोटं आत जाऊन अडली. हातोडीनं ठोकल्यावर वाळलेल्या मातीचं एक बोळकं बाहेर पडलं. फोडलं तर आत वाळून कोळ झालेले कोळी. कुंभारीण माशीचं घर! यंत्र अकरा महिने छपरात पडून असतं, माशीला असली नळी म्हणजे आयतं बिऱ्हाड. ती आत चिखल लिंपते, पिल्लासाठी कोळी भरून ठेवते आणि तोंड बंद करून निघून जाते. मी रोळ फिरताना बघितले. नळीतून बी पडतंय का, ते बघितलं नाही. खरं म्हणजे चाक उचलून, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधून, ठरावीक फेरे फिरवून बी मोजायचं असतं. मला ते येतं. त्या आठवड्यात मी ते केलं नाही, एवढंच.

"मग त्या नळीचं बी गेलं कुठं?" शेतकऱ्यानं विचारलं. पेटीत तर उरलं नव्हतं.

उत्तर त्याच्या आज्जीनं दिलं. ती मघापासून गोठ्याच्या दारात पोत्यावर बसून आमची गंमत बघत होती. "ते पारव्यांनी खाल्लं. पेरूलालते तवा ट्रॅक्टरच्या मागं पारव्यांचा थवा पडलाता. मी म्हटलं ह्यांस्नी, अरे बी वर पडूलालंय. कोण ऐकतंय? इंजिनाच्या आवाजात म्हातारीचं काय ऐकू येतंय!"

बरोबर होतं. नळी भरली की रोळानं ढकललेलं बी वरच्या वाटीतून बाहेर सांडणार, मातीवर उघडं पडणार. ड्रायव्हर पुढं बघतो, पेटीला झाकण. नऊ ओळींत एक कोरडी चालली आहे हे कुणाला दिसणार?

आज्जीला कळलं त्यात नवल नाही. ती चाळीस वर्षं चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरून कुरीमागं चाललेली बाई. कुरीला वर लाकडी चाडं, त्यातून कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, नळ्या फणापर्यंत. मूठ चाड्यावर, बोटांतून बी सुटतं तसं खालीही सुटतंय का, हे हाताला लागतं. एखादी नळी तुंबली की चाड्यात बी साचतं, मूठ थांबते आणि बाई ओरडते, "हुबं ऱ्हावा!" मग बैल थांबायचे, काडी घालून नळी मोकळी व्हायची.

शेतकऱ्याचा आवाज चढला. यंत्रानंच वाटोळं केलं, बैलं विकली तिथंच चुकलं वगैरे. मी गप्प ऐकून घेतलं, चूक माझी होती. पण मनात आलं, ह्याच बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान टाकलं, पुढं लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली होती. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. आज इथल्या उद्यमबागेच्या कारखान्यांत दिवसरात्र ओतकाम चालतं आणि त्याच लोखंडाचे फण ह्या रानात उतरतात. नांगराला नावं ठेवणारे आणि आता ट्रॅक्टरला नावं ठेवणारे, दोघांचंही पीक त्यावरच उभं. हे मी बोललो नाही. बोलायची ती वेळ नव्हती.

"मोघा लावा," आज्जी म्हणाली.

शेतकऱ्याला मोघा ठाऊक नव्हता, मला होता. एकच फण, त्यामागं दोरीनं बांधलेली एकच कळकाची नळी, वर वाटी, आणि मागून बी सोडत चालणारी बाई. तूर, चवळी अशी मोगणायची. परसातल्या बेटातून कळक तोडला. गाठी फोडायला वडील सळई लाल करून आत घालायचे. चुलीत सळई तापवली, चर्र करून धूर निघाला आणि तो वास इतका ओळखीचा की क्षणभर हात थांबला. खालचं टोक तिरकं तासलं. कोळप्याचं पातं काढून त्याजागी फण बसवला. गल्लीत एकच बैलजोडी उरलेली, ती आणली. बी सहा-सात किलो पुरलं.

आज्जीला चालवत नाही. तिनं सुनेला बांधावरून शिकवायला सुरुवात केली. "मूठ आवळू नगस. बोटं सैल सोड. बैल पाऊल टाकतोय तसं सोडायचं." पहिल्या दोन ओळींत बी कुठं ढिगानं, कुठं नाहीच. तिसऱ्यापासून जमलं. बैलांच्या पायाखाली थोडी रोपं गेली, इलाज नव्हता. अंधार पडेपर्यंत दीड एकर झालं, राहिलेलं सकाळी. दुपारी पाऊस कोसळला. बैलजोडीचं भाडं मी दिलं, चेनच्या कामाचे पैसेही परत केले. शेतकरी नको म्हणाला, पण फार वेळा नाही.

ह्या मागून पेरलेल्या ओळी बारा-पंधरा दिवस मागंच राहिल्या. गणपतीपर्यंत बांधावरून बघितलं की रानात फिकट पट्टे दिसायचे. त्या रस्त्यानं जाताना मी मान दुसरीकडं वळवायचो.

त्यानंतर त्या यंत्राच्या काळ्या पायपा काढून मी पारदर्शक बसवल्या, बी पडताना दिसावं म्हणून. खालच्या लोखंडी नळ्यांची तोंडं हंगाम संपला की चिंध्यांचे बोळे घालून बंद करतो. आता माझ्याकडून कुणाचंही पेरणीयंत्र जाताना नळ्यांखाली नऊ पिशव्या बांधल्याशिवाय जात नाही. पोरं कंटाळतात.

यंदा रोहिणीच्या आधी त्याच यंत्राची चाचणी त्यांच्या खळ्यात घेतली. आज्जीनं पोतं ओढून घेतलं आणि तिसऱ्या नळीखाली पिशवीऐवजी स्वतःचा तळहात धरला. मी चाक फिरवत होतो.

"ह्यात कमी पडूलालंय," ती म्हणाली.

पिशवी बांधून पुन्हा फेरे दिले, वजन केलं. बाकीच्या आठांइतकंच भरलं.

"काटा बघून घे तुझा."

मी रोळ उघडला, नळी उघडली, पाईप फुंकून बघितला. काहीच नव्हतं. तसं तिला दाखवलं, तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर रानात उतरला तेव्हा ती आधीच बांधावर येऊन बसलेली, नजर यंत्राच्या मागं, पारव्यांवर.