दप्तराचा हूक, आतला कोपरा आणि माझे दोन आठवडे (माझा अनुभव)

आठवीच्या मुलांनी वर्कशॉपमध्ये थ्रीडी प्रिंटरवर दप्तर अडकवायचे हूक केले होते. साधा एल आकार, पुढे आलेला हात ६० मिमी, रुंदी २०, जाडी ६. पहिल्याच आठवड्यात तीन हूक तुटले, तिन्ही बरोबर आतल्या कोपऱ्यात. पोरांची तोंडं बघवत नव्हती, म्हणून म्हटलं आता अंदाजाने जाडी वाढवत बसायचं नाही, आधी कॉम्प्युटरवर लोड देऊन बघायचं.

फ्रीकॅड हे डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातच एफईएम (वस्तूचे बारीक तुकडे पाडून कुठं किती ताण येतो ते काढायची पद्धत) आहे. पीएलए (प्रिंटरचं प्लास्टिक) मटेरियल दिलं, भिंतीकडची बाजू फिक्स केली, टोकाला १०० न्यूटन लावले, एका दुपारचं काम. (लोड न्यूटनमध्येच टाका, १० किलोचं दप्तर म्हणजे ९८ न्यूटन.)

आणि इथनं पुढं अडकलो ते दोन आठवडे. मेश (त्या तुकड्यांची जाळी) २ मिमीची ठेवली तर कोपऱ्यात स्ट्रेस (आतला ताण) ६४ एमपीए, म्हणजे चौरस मिमीला ६४ न्यूटन. १ मिमीला ८८. अर्ध्या मिमीला १२०! मेश जितकी बारीक तितकं उत्तर अचूक असंच सगळीकडे ऐकलेलं, म्हणून मी बारीक करत गेलो आणि आकडा थांबायचं नावच घेईना, शाळेच्या पीसीवर एकेक रन पाऊण तास, युनिट तपासले, फोर्सची दिशा तपासली, मॉडेल दोनदा नव्याने काढलं. पीएलएची ताकद ५० एमपीएच्या आसपास, मग यातला कुठला आकडा खरा धरायचा? पोरं रोज विचारायची, सर झालं का. एवढे व्हिडिओ बघितले, रंगीत चित्रं सगळ्यांनी दाखवली, पण ही गोष्ट एकानेही सांगितली नाही, याचा राग अजून आहे.

उत्तर मिळालं ते पालकसभेत. एका मुलाचे वडील कोल्हापूरजवळ शिरोलीत पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने) बनवतात, त्यांनी तुटलेला हूक हातात घेऊन कोपऱ्यात नख घातलं आणि म्हणाले, "सर, आतला कोपरा असा काटकोनातच ठेवलाय व्हय? आमच्यात लाकडी पॅटर्नच्या कोपऱ्यात मेणाची पट्टी दाबून गोलाई देतात, नाहीतर कास्टिंग तिथंच तडकतं."

तेच होतं. धारदार आतल्या कोपऱ्यात गणिताने स्ट्रेस अनंताकडे जातो, त्यामुळे मेश बारीक कराल तसा आकडा वाढतच राहणार, कितीही मोठा पीसी आणा. आधीच ओळखायची खूण म्हणजे वाक (टोक किती खाली झुकतं ते) बघा. माझा वाक तिन्ही मेशला ६ मिमीच्या आसपासच होता, नुसता स्ट्रेस पळत होता. आणि हाताने गणित करायलाच पाहिजे होतं: ६ × लोड × हाताची लांबी भागिले (रुंदी × जाडी × जाडी), म्हणजे ६ × १०० × ६० भागिले (२० × ६ × ६), ५० एमपीए. म्हणजे हूक तुटणारच होता, हे वहीत दोन मिनिटांत कळलं असतं. आता मुलांना आधी वही, मग माऊस.

कोपऱ्याला ५ मिमी रेडिअस दिली, जाडी १० केली. स्ट्रेस २१ एमपीएवर आला आणि मेश बदलली तरी तिथंच राहिला. तो आकडा हलत नाही बघून जे बरं वाटलं! जाडी वाढवली की स्ट्रेस वर्गाने आणि वाक घनाने कमी होतो, म्हणून रुंदीपेक्षा जाडीत माल घाला.

हां, एक राहिलंच, सॉफ्टवेअर वस्तू भरीव आणि सगळ्या दिशांनी सारखी मजबूत धरतं, प्रिंट तशी नसते. आमचे जुने हूक उभे प्रिंट केलेले, थर बरोबर कोपऱ्यात आडवे आलेले, थरावरच सुटले. आता एल कुशीवर झोपवून छापतो, बाहेरच्या भिंती जास्त देतो. आणि पीएलए ६० अंशाला मऊ पडतं, उन्हाच्या खिडकीजवळ लावू नका.

नव्या हुकाला १५ लिटर पाण्याची बादली रात्रभर टांगून ठेवली. सकाळी पोरांनी आळीपाळीने कोपऱ्यावरनं नख फिरवून बघितलं, कुठंच चीर नव्हती.