डोळे उघडे ठेवणारे सतरा जण

ऑगस्टमध्ये लेकीच्या शाळेच्या डायरीत लाल शाईत एक ओळ आली. "प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटत नाही, म्हणत नाही. पालकांनी समज द्यावी." खाली सहीसाठी जागा. मी वाचलं, सही न करताच डायरी दप्तरात परत टाकली.

माझी पंचाईत वेगळीच होती. जूनमधल्या पालकसभेत प्रार्थनेची बाजू मीच हिरिरीनं मांडली होती. आपल्या मुलाला परिपाठातल्या प्रार्थनेपुरतं वाचनालयात बसू द्या, अशी एका गृहस्थांनी विनंती केली होती. ते दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. मी उठले आणि पाच मिनिटं बोलत राहिले. संस्कार, शिस्त, एकोपा, काही म्हणून सोडलं नाही. "दोन मिनिटांच्या प्रार्थनेनं कुणाचं काय बिघडतं?" या वाक्याला टाळ्याही पडल्या. पालक-शिक्षक संघाची सचिव मीच, त्यामुळे इतिवृत्तात लिहिलंही मीच: "सदर विनंतीवर साधकबाधक चर्चा होऊन ती अमान्य करण्यात आली." चर्चा कसली डोंबलाची.

रात्री लेकीला विचारलं. ती सहावीत आहे, अकरा वर्षांची. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर मैत्रिणीचं नाव पुढे करेल. ती म्हणाली, "मी मोजते. किती जण डोळे उघडे ठेवतात ते. आज सतरा होते. बाईंचे धरून."

"पण म्हणत का नाहीस?"

"आधी नुसते ओठ हलवायचे. पण देव असला तर त्याला कळतंच ना? मग ते हलवायचे कुणासाठी, बाईंसाठी?"

मी श्रद्धाळू बाई आहे. माझा नवरा नाही, आणि आमचं त्यावरून कधी बिनसलंही नाही. पण या प्रश्नाला माझ्यातल्या श्रद्धाळू बाईकडे उत्तर नव्हतं. उलट तिला तो पटला. उत्तरं सुचत होती ती सगळी सचिव बाईंची.

मग मी वाचायला बसले. आपल्या राज्यघटनेच्या कलम २८ मध्ये लिहिलंय की संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणात भाग घ्यायची किंवा तिथल्या उपासनेला हजर राहायची सक्ती संमतीशिवाय करता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर संमती पालकाची. आमची प्रार्थना 'उपासना' ठरते का, यावर वकील भांडू शकतील. शाळा म्हणते ती सर्वधर्मीय आहे. असेल. पण त्या गृहस्थांनी जूनमध्ये मागितलं ते काही जगावेगळं नव्हतं, एवढं मला कळलं.

केरळचा एक खटला मात्र डोक्यातून जाईना. एका शाळेतली तीन भावंडं, 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीताला उभी राहायची, पण म्हणायची नाहीत. आधी त्यांच्या मोठ्या बहिणीही तशाच उभ्या राहायच्या, कुणाला काही वाटलं नाही. १९८५ च्या जुलैत एका आमदारांच्या ते कानावर गेलं, विधानसभेत प्रश्न आला, चौकशी झाली. चौकशीत निघालं काय, तर मुलं सरळ वागणारी आहेत, राष्ट्रगीताचा अवमान त्यांनी केलेला नाही. तरी शाळेतून काढलंच. उच्च न्यायालयातही हरली. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. आदरानं गप्प उभं राहणं हा अवमान नाही, आणि बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचंही येतं, असा तो निकाल. अमेरिकेत याच पंथाच्या दोन बहिणींनी झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकालही मुलींच्याच बाजूचा, १९४३ चा, म्हणजे ऐन महायुद्धातला, आणि त्याआधी तीनच वर्षं त्याच न्यायालयानं नेमकं उलट सांगितलेलं.

यातली सगळी मुलं आईबापांच्या श्रद्धेमुळे गप्प होती. माझी मुलगी तिच्या स्वतःच्या शंकेमुळे गप्प होती. तिच्यासाठी कलम २८ मध्ये काही नाही, तिथे सही माझी चालते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात विचाराचं, विवेकाचं, धर्माचं स्वातंत्र्य थेट मुलाला दिलंय. पालकांनी दिशा द्यायची, पण मुलाच्या वाढत्या समजेला धरून. आता ही वाढती समज मोजायची कशानं? सतरा डोकी मोजणारी मुलगी समजदार म्हणायची की आगाऊ? नवऱ्याचं मत, दोन्ही.

मी जूनमध्ये एवढी का तावातावानं बोलले, हे मला जरा उशिरा उमगलं. रोज सकाळी मी दहा मिनिटं प्रार्थनेला बसते आणि बसताना खोलीचं दार लावून घेते, कुणी मध्ये येऊ नये म्हणून. अकरा वर्षं लेकीनं ते दार पाहिलंय. मी आत काय करते, का करते, कुणासाठी काय मागते, यातलं अवाक्षर मी तिला सांगितलेलं नाही. ते काम शाळेनं परस्पर उरकावं, अशी माझी सोय होती. आणि त्या सोयीसाठी मी दुसऱ्याच्या मुलाला रांगेत उभं केलं होतं.

पुढच्या सभेत मी तो विषय पुन्हा घ्यायला लावला. एक बाई लगेच म्हणाल्या, "आता तुमची मुलगी निघाली म्हणून होय!" हो, म्हणूनच. याला मी काय बोलणार? तासभर वाद झाला, या वेळी खराखुरा. शेवटी ठरलं की ज्यांना म्हणायचं नाही त्यांनी शांत उभं राहावं, डायरीत शेरा येणार नाही. वाचनालयाला परवानगी नाही, कारण तिथे लक्ष ठेवायला शिक्षक नाही.

बाहेर पडताना त्या गृहस्थांपाशी गेले, जूनबद्दल माफी मागितली. ते बरं म्हणाले. मग म्हणाले, "पण उभं राहणं म्हणजे हजर राहणंच झालं ना." कलमात 'हजर राहणं' हाच शब्द आहे, त्यांनी तो माझ्याआधी वाचलेला होता. विषय पुन्हा कार्यक्रमपत्रिकेवर ठेवलाय, डिसेंबरच्या.

सकाळचं दार आता मी उघडं ठेवते. पहिल्या दिवशी ती आत आली, माझ्याकडे जरा वेळ बघत उभी राहिली. मी डोळे उघडले तर म्हणाली, "मी नाही मोजत आहे तुला. माझा कंपास दिसला का कुठे?"