काळं पडलं तरी घासत नाही

दिवाळी जवळ आली की रामबागेतल्या आमच्या घरी येणारं प्रत्येक माणूस काचेच्या कपाटापुढे थबकतं. "अगं, समया-निरांजनं कशी लखलखतायत, मग ही प्राण्यांची नाणी अशी काळवंडलेली का? घासून टाक की!" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

कपाटात ऑस्ट्रेलियाचा कूकाबुरा आहे, शिवाय कॅनडाचा लांडगा, ग्रिझली अस्वल आणि मूस नावाचं थोराड हरीण. कूकाबुरा हा आपल्या खंड्याच्या कुळातला पक्षी. पर्थच्या टांकसाळीतून १९९० पासून त्याचं चांदीचं नाणं निघतं आणि दरवर्षी चित्र नवं असतं. कॅनडाची मालिका सहाच प्राण्यांची, २०११ ते २०१३ मधली. माझं प्रत्येक नाणं एक औंसाचं, म्हणजे ३१.१ ग्रॅम, सराफ्यातल्या जुन्या हिशोबात २ तोळे ८ मासे.

पहिला कूकाबुरा मला भावानं आणून दिला, आणि पहिल्याच दिवाळीत मी तो टूथपेस्ट लावून ब्रशनं घासला. चमकला खरा. मग सहज भिंग धरलं आणि पोटात खड्डा पडला. पाठीवरच्या पिसांच्या बारीक रेघा बोथट झाल्या होत्या आणि भोवतीच्या गुळगुळीत चांदीवर ब्रशचे गोल गोल ओरखडे उठले होते. तो डाग आजही मनातून जात नाही.

या नाण्यांमधला प्राणी केसाहून बारीक रेघांत असतो. एका रेघेनं काय होतं ते आपल्याकडेच घडून गेलंय. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावर एक इवलासा हत्ती होता. त्याची सोंड अशी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला. केवढी नाराजी पसरली! सरकारला ती नाणी मागे घेऊन वितळवावी लागली आणि १९१२ मध्ये हत्ती नीट कोरून काढावा लागला. माझ्या ब्रशनं मीही तसंच काहीतरी करत होते.

शिवाय ते काळं म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन वर पातळ थर बसतो. रबर, लोकर, अंडी यांच्याजवळ तो लवकर धरतो, म्हणून माझी नाणी स्वयंपाकघरापासून लांब. हाताळताना नाणं कडेनं धरते. प्रत्येकाला घट्ट झाकणाची डबी. पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटात मात्र कधीच नाही, त्यानं नाण्यावर हिरवट चिकटा येतो.

सराफ्यात नेलं तर काट्यावर टाकून चांदीचा भाव सांगतील. त्यात चूक काहीच नाही, त्यांचा धंदा वजनाचा. पण आपल्या होळकरांच्या तांब्याच्या अर्ध्या आण्यावर नंदी बसलेला आहे, तो काय कोणी तांब्याच्या भावासाठी जपतं?

गेल्या वर्षी आत्या रांगोळीची पूड घेऊन बसली, तेव्हा ताम्हण आणि निरांजनं तिच्या पुढ्यात सरकवली आणि लांडग्याच्या नाण्यावर भिंग धरून तिला दाखवलं. काळा थर खाचांमध्ये उतरून बसलाय, त्यामुळे मानेवरचा केस न् केस वेगळा दिसतो. आत्या बराच वेळ बघत राहिली. मग हात पदराला पुसून म्हणाली, "आता तो पक्षी दाखव."